सर्व हक्क स्वाधीन

मराठी ग्रंथाच्या आरंभीच्या एखाद्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ हे तीन शब्द छापण्याची चाल जुनी आहे. वाचक त्यांकडे क्वचितच पाहतो, आणि आपण नेमकें काय राखून ठेविलें याची छापणारासही पुष्कळदां कल्पना नसते. कथाकादंबऱ्यांच्या बाबतींत यामुळें फारसें बिघडत नाहीं. शिक्षणाच्या पुस्तकांवर मात्र हे शब्द कुलपाचें काम करतात. तें कुलूप कोठें योग्य व कोठें अयोग्य, हें ठरविण्यास दिल्ली विद्यापीठाच्या खटल्याचा फार उपयोग होण्यासारखा आहे. म्हणून त्यांतील निर्णयाचे गुणदोष वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सन २०१२ च्या ऑगस्टमध्यें ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनीं दिल्ली विद्यापीठावर व त्याच्या आवारांतील रामेश्वरी या झेरॉक्सच्या दुकानावर दिल्ली उच्च न्यायालयांत दावा लावला. प्राध्यापक निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणें नेमून देतात, दुकानदार त्यांच्या प्रती एकत्र बांधून विकतो, आणि त्यामुळें आमचा हक्क बुडतो, अशी त्यांची तक्रार होती. ज्यांच्या ग्रंथांवरून हा वाद चालला होता त्यांपैकीं अनेक ग्रंथकारांनींच दाव्याविरुद्ध मत दिलें. अमर्त्य सेन यांनींही प्रकाशकांस तसें लिहिलें. १६ सप्टेंबर २०१६ रोजीं न्यायमूर्ति राजीव सहाय एन्डलॉ यांनीं दावा फेटाळला. डिसेंबरांत खंडपीठानें मुख्य सूत्र मान्य केलें. मात्र नेमलेला भाग अध्यापनास खरोखर आवश्यक होता कीं नाहीं, हा वस्तुस्थितीचा प्रश्न चौकशीसाठीं परत पाठविला. ती चौकशी होण्यापूर्वींच, मार्च २०१७ मध्यें, प्रकाशकांनीं दावा काढून घेतला.

या निर्णयाचा पहिला गुण हा कीं, त्यानें ‘अध्यापन’ या शब्दास त्याचा खरा विस्तार दिला. १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमानें, अध्यापनाच्या ओघांत शिक्षकानें किंवा विद्यार्थ्यानें काढलेली प्रत हक्कभंग ठरत नाहीं. अध्यापन म्हणजे वर्गांतील तास, असा प्रकाशकांचा आग्रह होता. परंतु पाठाच्या तयारीपासून परीक्षेपर्यंतचा सारा व्यवहार अध्यापनांतच येतो, असें न्यायालयानें ठरविलें. ग्रंथालयांत बसून हातानें उतरून घेणें जर निर्दोष, तर तेंच काम यंत्रानें केल्यानें तें सदोष होत नाहीं, हा न्यायमूर्तींचा विचारही आम्हांस पटतो. दुसरा गुण खंडपीठाच्या व्यवहारदृष्टीचा. ज्या विद्यार्थ्यानें तीस-चाळीस संदर्भग्रंथांतील एकेक प्रकरण वाचावयाचें, तो ते सारे ग्रंथ कधींच विकत घेणार नव्हता; तेव्हां प्रकाशकाचें गिऱ्हाईक गेलें असें म्हणतां येत नाहीं. उलट शिकलेला माणूसच पुढें पुस्तकें विकत घेतो.

दोष असा कीं, हा युक्तिवाद जितका संदर्भग्रंथास लागू पडतो, तितका पाठ्यपुस्तकास पडत नाहीं. महाविद्यालयासाठीं मराठींत अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र लिहिणाऱ्या लेखकाची गोष्ट घ्या. त्याच्या पुस्तकास विद्यार्थ्यांवांचून दुसरें गिऱ्हाईक नाहीं. एकानें प्रत घेऊन साऱ्या वर्गानें तिची अथपासून इतिपर्यंत झेरॉक्स काढली, तर प्रकाशक दुसरी आवृत्ति काढणार नाहीं आणि लेखक दुसरें पुस्तक लिहिणार नाहीं. प्रत किती काढावी याचें मोजमाप खंडपीठानें पानांत न सांगतां ‘प्रयोजनापुरती’ या शब्दांत सांगितलें. तत्त्व म्हणून तें उत्तम आहे. परंतु संदर्भग्रंथ आणि पाठ्यपुस्तक यांतील भेद त्यांत स्पष्ट झाला असता, तर मराठीसारख्या लहान बाजारपेठेच्या भाषेतील लेखकास अधिक आश्वासन मिळालें असतें. परदेशी संस्थांविरुद्धचा निकाल म्हणून हर्षभरित होणाऱ्यांनीं ही बाजू विसरूं नये.

दुसरी मर्यादा निर्णयाची नव्हे, कायद्याची आहे. आणि मराठी वाचकास तीच अधिक जाणवावी. ५२ व्या कलमांतील ही सवलत प्रत काढण्याची आहे. भाषांतर हा कायद्यानें निराळा हक्क मानिला आहे. ३२ व्या कलमान्वयें भाषांतरासाठीं सक्तीचा परवाना मागतां येतो, परंतु त्यासाठीं वर्षांची वाट, अर्ज आणि सुनावणी. मेळघाटांतील शिक्षकानें एखादा मराठी धडा कोरकूंत उतरवून आजूबाजूच्या शाळांस छापून द्यावयाचा म्हटलें, तर एवढा खटाटोप त्यानें कोठून करावा?

येथें मोफत आणि मोकळें यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. ‘बालभारती’, म्हणजे १९६७ सालीं स्थापन झालेलें पुण्याचें राज्य पाठ्यपुस्तक मंडळ, आपलीं पुस्तकें संकेतस्थळावर मोफत उतरवून घेऊं देतें. ही गोष्ट निःसंशय स्तुत्य आहे. परंतु त्याच पुस्तकांच्या आरंभीं, संचालकांच्या लेखी परवानगीवांचून कोणताही भाग उद्धृत करण्यास मनाई केलेली आढळते. कायदा टीकेसाठीं व परीक्षणासाठीं वाजवी अवतरण सर्वांस मोकळें ठेवितो. म्हणजे कायद्यानें जें दिलें नाहीं तेंही हें वाक्य मागतें! पुस्तक मोफत आहे, पण मोकळें नाहीं.

मोकळें करण्याचा मार्ग अज्ञात नाहीं. डिसेंबर २००२ मध्यें ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेनें तयार परवाने प्रसिद्ध केले. ग्रंथकर्ता हक्क सोडून देत नाहीं. कोणत्या अटींवर इतरांनीं तो वापरावा, एवढें आधींच सांगून ठेवितो. मूळ लेखकाचें श्रेय द्यावें. फेरफार केलेली कृति त्याच अटींवर पुढें द्यावी. व्यापार करूं नये. फेरफार करूं नये. अशा अटींच्या मेळानें सहा परवाने होतात. ‘फेरफार नको’ ही अट घातली कीं भाषांतरही बंद होतें. म्हणून शिक्षणाच्या साहित्यास ती आमच्या मतें घालूं नये. २०१३ मध्यें केंद्राच्या शैक्षणिक साहित्यभांडारानें श्रेय व समान वाटप या दोनच अटी ठेविल्या, आणि त्याच वर्षीं गोवा विद्यापीठानें आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश तसाच मोकळा केला. धाकट्या बहिणीनें जें केलें तें थोरलीस अवघड कां जावें?

असे परवाने दिले तर कोणीही धड्यांत वाटेल तें घुसडील, हा आक्षेप पोरकट नाहीं. परंतु काय बदललें हें सांगण्याचें बंधन त्या परवान्यांतच आहे, आणि मंडळाची मूळ प्रत पडताळून पाहण्यास सर्वांस उपलब्ध आहेच.

तात्पर्य, आमची कसोटी ‘खर्च कोणाचा?’ ही आहे. ज्या लेखकानें पदरमोड करून पुस्तक लिहिलें, त्याचे हक्क त्याच्या स्वाधीन असावेत. त्याचें पुस्तक विकत घेणें हेंच विद्याप्रेमाचें लक्षण होय. परंतु जीं पुस्तकें लोकांच्या पैशानें तयार होतात, त्यांचे हक्क स्वाधीन करावयाचेच असतील तर ते लोकांच्या स्वाधीन करावेत. दिल्लीच्या निर्णयानें विद्यार्थ्यास प्रत काढण्याची मुभा दिली. धडा आपल्या मुलांच्या भाषेंत सांगण्याची मुभा मात्र न्यायालय देऊं शकत नाहीं. पुस्तकाच्या आरंभीचें एक वाक्य बदलून ती आमच्या संस्था देऊं शकतात, आणि त्यास कांहीं खर्चही येत नाहीं.