मुखशुष्कतेचे मोजमाप : एका संशोधनाचे परीक्षण

मस्तक व ग्रीवा यांच्या कर्करोगावर किरणोपचार करिताना अर्बुदाबरोबर लाळग्रंथींनाही इजा पोचते. रोग हटला तरी तोंड कोरडे राहते. ही पीडा कमी करता येईल काय, या प्रश्नाचा प्रायोगिक विचार मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील तेजपाल गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळतो.

त्यात ६० रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली होती. एका गटास त्रिमितीय अनुरूप पद्धतीने, तर दुसऱ्यास किरणांची तीव्रता जागोजागी बदलून कर्णमूल ग्रंथी वाचविणाऱ्या पद्धतीने उपचार देण्यात आले. दुसऱ्या श्रेणीची वा त्याहून अधिक तात्कालिक लाळग्रंथी-इजा पहिल्या गटात ८९ टक्के, तर दुसऱ्यात ५९ टक्के रुग्णांस झाली. रोगनियंत्रणात लक्षणीय अंतर आढळले नाही; अर्थात एवढ्या अल्प संख्येवरून त्याविषयी निर्णायक विधान करता येणार नाही. इंग्लंडमधील ९४ रुग्णांच्या २०११ च्या प्रयोगाचा कौलही याच दिशेचा आहे. तेव्हा मुख्य निष्कर्ष ग्राह्य मानावयास हरकत नाही.

आक्षेप आहे तो मोजमापाविषयी. श्रेणी वैद्याने ठरविली. आणि प्रचलित श्रेणीक्रमात मध्यम कोरडेपणापासून संपूर्ण कोरडेपणापर्यंतच्या सर्व अवस्था दुसऱ्या श्रेणीतच येतात. हा भेद पुसला गेल्याने काय हरवते, हे कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावाच्या जेवणावरून ध्यानी येईल. जेथे ज्वारी-बाजरीची भाकरी हेच मुख्य अन्न, तेथे कालवणात कुस्करून का होईना भाकरी खाऊ शकणारा आणि पेजेवाचून काहीच न गिळू शकणारा, हे दोघे एकाच आकड्यात मोजले जातात. वस्तुतः पहिला पंक्तीस बसतो. दुसरा पंक्तीबाहेर पडतो.

दुसरी मर्यादा निवडीची. घसा व स्वरयंत्र यांचेच रुग्ण अभ्यासात घेतले होते. तंबाखूमुळे आपल्याकडे विपुल आढळणारा मुखकर्करोग त्यात नाही. त्या रुग्णांस हे आकडे जसेच्या तसे लावणे युक्त नव्हे.

यंत्राने साधलेले हे साहाय्य मोलाचे आहे. परंतु ते लाभूनही निम्म्याहून अधिक रुग्णांस त्रास झालाच, हे विसरता कामा नये. पुढील संशोधकांनी वैद्याच्या श्रेणीशेजारी रुग्णाचे उत्तरही नोंदवावे. आणि आपल्या प्रदेशात तरी पहिला प्रश्न असा असावा : भाकरी गिळता येते काय?