कण, भेग आणि चित्रबिंदू

खडकाचे छायाचित्र घेऊन त्यातील कणांचे आकारमान व भेगांची लांबीरुंदी गणकयंत्राकरवी मोजण्याची पद्धती भूविज्ञानात आता रूढ झाली आहे. तिचा वेग वादातीत आहे. परीक्षा करावयाची ती निराळ्याच गोष्टीची : यंत्राने जे मोजले त्यास आपण जे नाव देतो, ते त्यास लागू पडते काय?

'कण' हाच शब्द घ्यावा. वेंटवर्थ यांच्या १९२२ च्या श्रेणीत वाळूचा कण १/१६ ते २ मिलिमीटर व्यासाचा मानला आहे. ही व्याख्या सबंध कणाची होय, खडकाच्या ०.०३ मिलिमीटर जाडीच्या चकतीत दिसतो तो केवळ त्याचा छेद. समान त्रिज्येचे गोल यदृच्छया कापले तरी छेद लहानमोठे निघतात आणि त्यांची सरासरी त्रिज्या मूळ त्रिज्येच्या सुमारे ७९ टक्केच भरते. विकसेल यांनी १९२५ मध्येच या प्रश्नाची गणिती मांडणी केली होती. तेव्हा दुरुस्तीवाचून छापलेला आलेख कणांचा नव्हे, छेदांचा म्हटला पाहिजे.

सीमारेषांचेही तसेच. ओत्सू यांची १९७९ ची रीत करड्या छटांचे दोन गट पाडते. 'कण' आणि 'पोकळी' ही नावे मागाहून आपण देतो. ध्रुवित प्रकाशात फेल्डस्पारचा एकच जुळा स्फटिक पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो व यंत्र एकाचे अनेक कण करते. उलट, शेजारचे दोन क्वार्ट्‌झ-कण एकाच छटेचे असले की दोहोंचा एक होतो. भाषाभ्यासकास हा अनुभव नवा नाही. ध्वनिलहरींच्या आलेखात वर्णांच्या सीमा आखलेल्या नसतात. भाषा जाणणारा त्या आखतो.

भेगांच्या बाबतीत याचा परिणाम अधिक गंभीर होतो. काळी रेषा म्हणजे भेग असे धरले, तर कॅल्साइटने भरलेली पांढरी भेग सुटते आणि सावली मात्र भेग ठरते. निरीक्षणाच्या प्रतलास जवळजवळ समांतर असलेल्या भेगा कमी मोजल्या जातात, हा दोष रूथ तेर्झागी यांनी १९६५ मध्ये दाखवून दिला होता. शिवाय गुळगुळीत, समांतर भिंतींच्या भेगेतील प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. रुंदी दुप्पट वाचली की प्रवाह आठपट ठरतो, आणि बोगद्यात झिरपणाऱ्या पाण्याचा अंदाज त्याच प्रमाणात चुकतो.

पद्धती त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु चित्रबिंदूचे प्रत्यक्ष माप, छेदाची दिशा, सीमा ठरविण्याचा निकष आणि हाताने केलेल्या मोजणीशी घेतलेला ताळा, ही चार कलमे प्रबंधात निष्कर्षांच्या आधी आली पाहिजेत. त्यांवाचून दिलेल्या आकड्यांवरून खडकाविषयी विधान करण्याचा अधिकार अभ्यासकास पोहोचत नाही.