नांवें बदललेला कुलवृत्तांत

जेरी मांजोने यांचें ‘माउंट अ‍ॅलेग्रो’ हें पुस्तक १९४३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें तें कादंबरी म्हणून. वस्तुतः तें कादंबरी नव्हे. न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर शहरीं सिसिलींतून येऊन राहिलेल्या आपल्या आईबापांची, नातलगांची व शेजाऱ्यापाजाऱ्यांची ती खरी हकीकत आहे. परंतु प्रकाशकाच्या आग्रहास्तव लेखकाला माणसांचीं नांवें बदलून तिला कल्पिताचा वेष चढवावा लागला. आतां, खोट्या नांवांचा कुलवृत्तांत काय कामाचा, असें वंशावळीचा अभ्यासक विचारील. आणि ह्या पुस्तकाचें मोल ठरवावयाचें तर त्याच प्रश्नापासून आरंभ केला पाहिजे.

सिसिलींत कुळाचा माग काढावयास कागदपत्रांचा तुटवडा नाहीं. तेथील नागरी जन्ममृत्यूच्या नोंदी १८२० पासूनच्या आहेत. त्यापूर्वींची वाट देवळांतील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्यांतून जाते. विवाहाची नोंद ठेवणें ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं धर्मगुरूंवर बंधनकारक केलें. म्हणजे श्रद्धा व वंशावळ हीं तेथें एकाच वहींत नांदतात. पहिल्या मुलाला पितामहाचें व दुसऱ्याला मातामहाचें नांव ठेवण्याची रूढी असल्यामुळें एकाच नांवाचे चुलतभाऊ एका गांवांत इतके निघतात कीं शोध करणारा गोंधळून जावा. त्याला ह्या घोंटाळ्यांतून सोडविते ती आई. कारण ह्या नोंदींत विवाहित स्त्रीहि माहेरच्याच आडनांवानें ओळखली जाते. आमच्याकडील जुन्या वंशावळींत नेमकी हीच जागा बहुधा रिकामी असते. प्रस्तुत लेखकाच्या घरच्या वंशवृक्षांत सात पिढ्यांचे पुरुष ओळीनें उभे आहेत. पणजीचें माहेर कोणतें, हें सांगणारें मात्र घरांत आतां कोणी उरलें नाहीं.

मांजोने ह्या वह्यांच्या वाटेस जात नाहींत. जेवणाच्या मेजाभोवतीं जमलेले नातलग व त्यांच्या न संपणाऱ्या गोष्टी हीच त्यांची सामग्री. घरांत इंग्रजी बोलावयाचें नाहीं, असा आईचा दंडक. त्यामुळें मुलगा उंबरठा ओलांडला कीं अमेरिकन आणि परतला कीं सिसिलियन! लेखकानें आडनांव बदललें, पण निवेदकाचें ‘गेरलांदो’ हें नांव स्वतःचेंच ठेवलें. संत गेरलांदो हा अग्रिजेंतो नगरीचा रक्षक संत. तेव्हां वेषांतरांतहि गांव व देव हीं दोन्ही सुटलीं नाहींत. ह्या मंडळींचा भरंवसा देवळापेक्षां ‘देस्तीनो’वर, म्हणजे दैवावर, अधिक दिसतो, दृष्ट लागण्याची धास्ती तर आहेच. मांजोने ह्याला हंसतात, पण तें हंसणें घरच्या माणसाचें आहे. मनुष्य कसा बोलत असे, कशास भीत असे, कोणत्या गोष्टीवर भांडत असे, हें कोणत्याहि नोंदवहींत सांपडत नाहीं; नांवें खोटीं असूनहि तें येथें सांपडतें. तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. सर्व भार दैवावर टाकणारी माणसेंच समुद्र ओलांडून परमुलुखांत संसार थाटतात, ह्या विरोधापाशीं लेखकानें अधिक थांबावयास हवें होतें. गोष्टीची गंमत त्याला पुढें ओढून नेते.

शेवटीं शेवटीं लेखक १९३६ सालच्या प्रवासाची हकीकत सांगतो. आईबापांचा मुलूख पाहावयास तो निघाला तेव्हां इटलींत मुसोलिनीची सत्ता होती. इटालियन बापाचा मुलगा म्हणून तें सरकार आपणांस सैन्यांत तर ओढणार नाहीं ना, ही भीति त्याच्या मनांत होती. ज्या कुळाच्या ओढीनें जावें त्याच कुळाचा दाखला गळ्याशीं यावा! हा प्रसंग आम्हांस साऱ्या पुस्तकांत सर्वांत अर्थपूर्ण वाटला, कारण रक्ताच्या नात्यावर आप्तांप्रमाणेंच राजसत्ताहि हक्क सांगते, हें वंशावळीचे भक्त सहसा बोलत नाहींत. रॉचेस्टरच्या मेजावर ऐकलेला मुलूख आणि डोळ्यांनीं पाहिलेला दरिद्री मुलूख ह्यांची गांठहि येथेंच पडते. दुर्दैवानें हा भाग पूर्वार्धाच्या मानानें त्रोटक झाला आहे.

पुस्तक निघालें त्याच वर्षीं जुलै महिन्यांत दोस्त राष्ट्रांचें सैन्य सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरलें. युद्धानंतर मांजोने पुन्हां तिकडे गेले, व त्या भेटीवर ‘रियूनियन इन सिसिली’ हें त्यांचें पुस्तक १९५० सालीं आलें. पहिल्या ग्रंथांतील प्रवास ज्यांस अपुरा वाटेल त्यांनीं तें अवश्य मिळवून वाचावें.