प्रवासी, रहिवासी आणि ‘लोकस्थिति’

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा प्रामुख्याने प्रवाशाच्या नजरेभोवती फिरत आली आहे. त्याने काय पाहिले, वर्णन कितपत चित्रदर्शी उतरले, लेखकाचे व्यक्तिमत्त्व त्यात कसे प्रकटले, हे तिचे निकष. परक्या देशात रहिवासी म्हणून राहणाऱ्याच्या लेखनाला मात्र ते अपुरे पडतात. प्रवाशाला परकी संस्कृती दृश्य म्हणून भेटते. रहिवाशाला ती ताटात, वस्त्रात, चुलीशी आणि अभिवादनाच्या शब्दात भेटते. काय घ्यावे व काय नाकारावे हे त्याला रोज ठरवावे लागते. हा निर्णयच रहिवाशाच्या संहितेचे आशयकेंद्र होय, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पंडिता रमाबाईंच्या १८८९ सालच्या ग्रंथाचे शीर्षक या दृष्टीने लक्षणीय आहे: ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. त्यात दोन लेखनप्रकार शेजारी उभे आहेत आणि अग्रमान ‘लोकस्थिती’ला आहे. १८८६ ते १८८८ या काळात रमाबाई अमेरिकेत होत्या. प्रवासाचा भाग त्या तुलनेने लवकर आटोपतात. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ आणि स्त्रियांची स्थिती हेच विषय ग्रंथ व्यापतात. अमेरिकन स्त्रियांच्या संघटनशक्तीचे त्या मनःपूर्वक कौतुक करतात. परंतु तेथील वर्णद्वेष व मूळ रहिवाशांवरील अन्याय यांविषयी मौन पाळत नाहीत. भारावलेपण आणि तुच्छता या प्रवाशाच्या दोन्ही टोकांपासून हे लेखन दूर राहते.

या विवेकाची घडण त्याआधीच्या इंग्लंडमधील वास्तव्यात दिसते. १८८३ मध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शाकाहार मात्र सोडला नाही. मठातील भगिनींना त्यात जात्यभिमानाचा अवशेष दिसला. क्रॉसवर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, हाही प्रश्न रमाबाईंनी उपस्थित केला. अ. भि. शहा यांनी संपादिलेला हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या तपशिलांतून एक भेद स्पष्ट होतो: रमाबाईंनी धर्म घेतला, त्या धर्माला चिकटून आलेला इंग्रजी संसार सबंध घेतला नाही.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण समकालीन असूनही निराळे आहे. १८८३ ते १८८६ या अमेरिकेतील वर्षांत थंडीमुळे नऊवारी लुगड्याऐवजी गुजराती पद्धतीची साडी नेसणे हा साधा सोयीचा बदलही पतीला पत्रातून कळविण्याचा विषय होतो. रमाबाईंचा वाद यजमान समाजाशी आहे. आनंदीबाईंना यजमान समाज आणि सासर या दोहोंना हिशेब द्यावा लागतो.

‘सासर’ हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. परक्या घरात रहिवासी होण्याचा अनुभव मराठी भाषेने सासर-माहेर या जोडीत फार पूर्वीच बांधून ठेवला आहे. आसोद्याच्या माहेराहून जळगावच्या सासरी आलेल्या बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) कवितेत हे अंतर मैलांनी थोडे आणि अनुभवाने मोठे आहे. मात्र सासरच्या व्यवस्थेत जुळवून घेणे हे कर्तव्य असते, नकाराला तेथे फारशी जागा नसते. बालपण तीर्थयात्रांत गेलेल्या, स्थिर घर न लाभलेल्या रमाबाईंना ती जागा परदेशी घेता आली, यातच त्यांच्या लेखनाचे वेगळेपण आहे.

येथे देशीवादापुढे एक प्रश्न उभा राहतो. खानदेशातल्याच भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या या भूमिकेत भूमीशी असलेल्या नात्याला मध्यवर्ती स्थान आहे. मग भूमी सोडलेल्याची देशीयता कशी ओळखावी? रमाबाईंच्या साक्षीने असे म्हणता येईल की, ती पेहराव वा आहार जसाच्या तसा टिकविण्यात शोधू नये. परकी गोष्ट स्वीकारताना कोणता प्रश्न विचारला जातो आणि तो कोणासाठी विचारला जातो, येथे ती शोधावी. रमाबाईंनी अमेरिकेची लोकस्थिती मराठीत लिहिली, आणि त्याच वर्षी मुंबईत शारदासदन काढले. ही दोन्ही कृत्ये एकमेकींपासून तोडून वाचता येणार नाहीत.

आज पिंप्राळ्यासारख्या जळगावलगतच्या वस्तीतील घरांचाही परदेशाशी संबंध येतो. त्या वास्तव्यातून होणारे मराठी लेखन स्थळवर्णनाच्या कसोटीवर तपासले, तर ते सामान्यच ठरेल. त्यातील स्वीकार-नकारांची नोंद घेणारी वाचनपद्धती संशोधकांनी सिद्ध केली पाहिजे. आणि तिचा आरंभ १८८९ च्या या ग्रंथापासून करणे उचित होईल.