पसंती कुणाची? ‘स्पर्श’ पुन्हा पाहताना

आजचा विषय चारचौघांत काढला की माना खाली जातात. अपंग माणसाला कुणी आवडतं का, कुणाची ओढ वाटते का, शरीराची इच्छा असते का? असते, हे आपल्याला कळतं. पण घरात सोयरिकीची गोष्ट निघाली की एकच प्रश्न येतो, “हिला करून कोण घेणार?” हिला कोण आवडतं, हे काही कुणी विचारत नाही.

निलंग्याला हे नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यातली कितीतरी धडधाकट माणसं काही सेकंदांत अपंग झाली. हात गेले, पाय गेले, कंबर कायमची धरली. मन मात्र आदल्या रात्रीचंच राहिलं. पुनर्वसनात घरं मोजली, पत्रे मोजले. या मनाचा हिशेब कुठल्या रकान्यात बसवायचा?

म्हणून मला सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ महत्त्वाचा वाटतो. १९८० चा हिंदी सिनेमा, पण दिग्दर्शिका आपल्या मराठी. नसीरुद्दीन शाह यांचा अनिरुद्ध अंधशाळेचा मुख्याध्यापक, शबाना आझमींची कविता तरुण विधवा. तो तिच्याकडे ओढला जातो तो तिच्या आवाजामुळे. तिचं रूप त्याच्या हिशेबातच नाही. आवाज, गंध, स्पर्श यांतून ती त्याला कळते. डोळ्यांवाचून आकर्षण कसं घडतं, हे आपल्याकडे इतकं साधेपणानं क्वचितच दाखवलं गेलं.

पुढे लग्न ठरतं आणि अनिरुद्ध बिथरतो. ही प्रेम करतेय की त्याग? या संशयानं तो ठरलेलं लग्न मोडतो. कुणी म्हणेल, केवढा हा ताठा! असेल. पण नकार देण्याचा हक्क या सिनेमानं अंध माणसाला दिला, त्याला चुकायचीही मुभा दिली. एरवी आपल्या गोष्टींतला अपंग माणूस कृतज्ञ तरी असतो, नाही तर देवमाणूस. देवमाणसाला कोण आवडणार, आणि त्याला तरी कोण आवडलेलं चालणार?

आता ‘स्पर्श’ची मर्यादाही सांगतो. अनिरुद्ध पुरुष आहे, देखणा आहे, पगारदार आहे. बाई अंध आणि पुरुष डोळस असता तर? तिनं ठरलेलं लग्न मोडलं असतं, तर आपण त्याला स्वाभिमान म्हणालो असतो का? “मिळतंय ते घे की गप,” असंच मावशी-काकूंनी ऐकवलं असतं.

ती जागा बऱ्याच वर्षांनी शोनाली बोस यांच्या ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’नं, २०१४ साली, भरली. लैलाला सेरेब्रल पाल्सी आहे, ती व्हीलचेअर वापरते. तिला मुलगा आवडतो, पुढे एक अंध मुलगीही आवडते. ती चुकते, फसवते, कबूलही करते. तिची इच्छा तिच्या मालकीची आहे. तरी तिथेही खुर्चीत बसलेली नटी अपंग नव्हती, हे विसरू नका.

सिनेमाचं सोडा, सरकारचं बघा. १७ जून २०१४ च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात दिव्यांग-अव्यंग विवाहाला ५० हजारांचं प्रोत्साहन ठरलं. त्यातले २५ हजार बचत प्रमाणपत्रात, २० हजार रोख, साडेचार हजार संसारोपयोगी वस्तूंसाठी आणि ५०० रुपये कार्यक्रमाला. गरजू जोडप्याला पैसे मिळावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रोत्साहन कशाला लागतं? जे माणूस आपणहून करणार नाही, त्याला. म्हणजे अनिरुद्धला जो संशय छळतो, तोच या योजनेनं सरकारी कागदावर आणला. दोघंही दिव्यांग असले तर त्या निर्णयात त्यांना जागा नव्हती. त्यात कुणाचा त्याग दिसत नव्हता ना!

माझं म्हणणं एवढंच. दया आली म्हणून केलेलं लग्न दयेच्याच हिशेबानं चालतं, आणि तो हिशेब रोज बायकोला किंवा नवऱ्याला ऐकवला जातो. तेव्हा वधू-वर मेळाव्यात अपंग मुलीच्या फॉर्मवर टक्केवारीचा रकाना असतो, त्याच्या शेजारी अजून एक रकाना ठेवा. तिला कसा जोडीदार हवा? तो तिनं स्वतः भरायचा. आणि तिनं “हा नको” लिहिलं, तर घरच्यांनी ते खोडायचं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.