पोटातलं साल

जुना बेस समोर आला की बहुतेक लोक आधी हेडस्टॉकवरचं नाव वाचतात. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी वाचावं. नाव म्हणजे एक पातळ डेकल. ते छापून मिळतं आणि तासाभरात चिकटवता येतं. खरा मजकूर असतो तो नेक आणि बॉडीच्या सांध्यात, खुंट्यांच्या मागच्या गंजात, क्रोमच्या झाकणाखाली दडलेल्या पॉटवर आणि सोल्डरच्या थेंबांत. हा मजकूर सलग नसतो. तुकडे जुळवावे लागतात, आणि एक तुकडा दुसऱ्याशी भांडत असेल तर निवाडाही करावा लागतो. कवितेचं रसग्रहण करताना आपण याहून वेगळं काही करत नाही.

इथे वाचायला घेतलेला बेस चिंचवडच्या एका घरातला आहे. मालक, म्हणजे काका, पिंपरीत टूलरूमला होते आणि गणपतीत, नवरात्रात, लग्नसराईत ऑर्केस्ट्रामध्ये बेस वाजवायचे. आखातातून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी तो घेतला, तेव्हा ‘बासष्ट सालचा फेंडर’ असं सांगण्यात आलं होतं. आता नात वाजवायला शिकते आहे. विकायचा नाही, पण नेमकं काय आहे हे घरात माहीत असावं, एवढीच काकांची इच्छा. “नाव राहू दे, माप घे,” असं म्हणत त्यांनी व्हर्नियर पुढे केला. मला ती सुरुवात फार आवडली.

मापं अशी. नट 38 मिलिमीटर. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत 432, म्हणजे पूर्ण लांबी 864 मिलिमीटर, चौतीस इंच. ही लांबी लिओ फेंडरने 1951 च्या प्रिसिजन बेससाठी ठरवली आणि जगाने ती जवळजवळ प्रमाण मानली. त्याच्याआधी तीसच्या दशकात सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्कने फ्रेट असलेला विजेचा बेस बनवला होता, पण तो चालला नाही. फेंडरचा चालला, कारण पुरुषभर उंचीचा डबल बेस गाडीच्या टपावर बांधून गावोगाव हिंडणाऱ्या वादकाला तो खांद्यावर टाकून नेता आला. 1960 मध्ये त्याच कारखान्यातून जाझ बेस आला: कमरेला तिरका कापलेला, दोन पिकअपचा, नटपाशी निमुळता. प्रिसिजनचा नट साधारण 42 ते 44 मिलिमीटर. त्यामुळे 38 हा आकडा दिसला की कुळ ठरतं. हा जाझ बेस आहे, किंवा त्याची नक्कल.

आता साल. बासष्टचं म्हणणं पाठीमागच्या तीन स्क्रूंपाशीच कोसळतं. साठच्या दशकात जाझ बेसचा नेक चार स्क्रूंनी बॉडीला आवळलेला असे. तीन स्क्रूंची पद्धत सत्तरच्या दशकाच्या मध्याला आली. तिच्याबरोबर नेकचा कल बारीक बदलता येईल अशी सोय आली आणि ट्रस रॉडची गोळीसारखी टोकदार नळी हेडस्टॉकपाशी बाहेर दिसू लागली. इथे तिन्ही खुणा आहेत. फ्रेटबोर्डवर मोत्यासारखे चौकोनी तुकडे जडवले आहेत. बासष्टमध्ये तिथे मातकट रंगाचे गोल ठिपके असायचे. चौकोन 1966 नंतरचे. अंगठा टेकायची पट्टी जाड तारेच्या बाजूला आहे. आधी ती बारीक तारेच्या खाली असायची, कारण अंगठ्याने तारा छेडताना बोटं तिथे अडकवावीत अशी कल्पना होती. वादकांनी ती मानली नाही, ते बोटांनीच वाजवत राहिले, आणि 1974 च्या सुमारास कारखान्याने पट्टी वर नेली. मला ही खूण सर्वांत प्रिय आहे. वादकांच्या हातांनी कारखान्याचं ड्रॉइंग बदलायला लावलं, याचा हा प्लास्टिकचा पुरावा.

मग झाकण उघडलं. स्क्रू काढून क्रोमची पट्टी उलटी केली की आत तीन पॉट, म्हणजे बटणांखालची नियंत्रणं, दिसतात, दोन आवाजाचे, एक टोनचा. पहिल्या पॉटच्या कडेवर भिंगाखाली आकडे दिसले: 1377719. पहिले तीन आकडे पॉट बनवणाऱ्या कंपनीचे. 137 म्हणजे सीटीएस. पुढचे दोन साल, शेवटचे दोन आठवडा. 1977, एकोणिसावा आठवडा. दुसऱ्या पॉटवरही हाच आकडा.

इथे घाई करायची नाही. पॉटवरचं साल हे पॉटचं साल असतं, बेसचं नव्हे. फेंडरने 1966 मध्ये पॉटचा मोठा साठा घेऊन ठेवला होता आणि तो 1969 पर्यंत पुरला. त्यामुळे 1969 च्या गिटारमध्येही 1966 चे पॉट सापडतात. पॉट एवढंच सांगतो की या तारखेच्या आधी हे वाद्य पुरं झालेलं नव्हतं. नेकच्या टाचेवर साठच्या दशकात महिना आणि साल सरळ शिक्क्यात यायचं, आणि त्याआधीचा 7 हा आकडा जाझ बेसचा, 5 प्रिसिजनचा. सत्तरीत तिथे नुसती आकड्यांची रांग येऊ लागली आणि तिच्यातून साल सरळ निघत नाही. म्हणून शेवटी हेडस्टॉककडे जायचं. 1976 पासून अनुक्रमांक पाठीमागच्या पट्टीवरून हेडस्टॉकवर आला. इथे तो ‘एस’ या अक्षराने सुरू होतो आणि पुढचा आकडा 7 आहे. ‘एस’ म्हणजे सत्तरचं दशक, 7 म्हणजे सातवं वर्ष. पण असे क्रमांक 1978 मध्येही वापरले गेले. सगळे साक्षीदार एकत्र बसवले की निकाल असा: 1977 च्या मे महिन्यानंतरचा, फार तर 1978 चा. बासष्टचा नाही, पण नक्कलही नाही. काका शांतपणे म्हणाले, “म्हणजे मी कामाला लागलो तेव्हाचा.”

पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात हे वाचन कुणाला परकं वाटू नये. इथल्या फाउंड्रीतून निघणाऱ्या कास्टिंगवर हीट नंबर असतो, प्लास्टिकच्या भागावर महिन्याची गोल घड्याळी खूण असते, बेअरिंगवर बॅच कोड असतो, आणि पार्ट परत आला की त्यावरूनच तो कोणत्या पाळीत बनला याचा माग काढला जातो. विजेचा बेस हा असाच कारखान्यात, असेंब्ली लाइनवर जन्मलेला आहे. तो कुणा एका कारागिराच्या हातचा नाही. म्हणून त्याचं सौंदर्य वाचायला टूलरूमचा माणूस संगीत समीक्षकाइतकाच लायक आहे, असं मला ठाम वाटतं.

रंगाचंही तसंच. 1968 च्या सुमारास फेंडरने पातळ नायट्रो लॅकर सोडून जाड पॉलिएस्टरकडे वळायला सुरुवात केली. नायट्रो हाताच्या घामाने, घर्षणाने झिजत जातं आणि खालचं लाकूड हळूहळू उघडं पडतं. पॉलिएस्टर झिजत नाही, त्याचे टवके उडतात. या बेसच्या खालच्या कडेला असाच एक टवका उडालेला आहे, काचेसारख्या धारदार कडेचा. पाठीवर पट्ट्याच्या बकलचे ओरखडे आहेत, पण ते लाकडापर्यंत पोचलेले नाहीत. सत्तरीच्या बेसवर कुणी मऊ, विरत गेलेली झीज दाखवली तर तिथे संशय घ्यावा. ती बहुधा कुणीतरी सँडपेपरने केलेली असते. बॉडी अ‍ॅश लाकडाची आणि वजनदार आहे. रात्रभर खांद्यावर घेऊन उभं राहिलेल्या माणसाला तिचं वजन आकड्यात सांगायची गरज नाही.

फ्रेटबोर्डपाशी मात्र थांबावंसं वाटतं. जुन्या फेंडरवर ब्राझीलचं रोझवूड असे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची जागा भारतीय रोझवूडने घेतली, म्हणजे आपल्या पश्चिम घाटात वाढणाऱ्या शिसवाने. जांभळट तपकिरी, मधूनच काळी रेघ, तेलाचा हात लावला की उजळणारं. घाटातलं लाकूड समुद्रापार कॅलिफोर्नियात गेलं, त्यावर फ्रेट बसले, ते आखातात विकलं गेलं आणि फिरून घाटावरच्या चिंचवडात आलं. 2017 मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि जगभरचे गिटारवाले हवालदिल झाले. तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली. ब्राझीलच्या रोझवूडवरची 1992 पासूनची कडक बंदी कायम आहे. परदेशातून जुना बेस मागवणाऱ्याने ही बाब किमतीच्या आधी बघावी.

आणि आवाज. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की गुणगुण गप्प होते, कारण दोन्हींची गुंडाळी आणि चुंबक एकमेकांच्या उलट आहेत. एकाचा आवाज किंचित कमी केला की ती लगेच डोकं वर काढते. सत्तरीच्या सुरुवातीला ब्रिजजवळचा पिकअप आणखी सेंटिमीटरभर मागे, ब्रिजकडे सरकवला गेला. एवढ्याशा सरकण्याने आवाजाचा स्वभाव बदलला: कडक, धातूचा, प्रत्येक स्वराला स्वच्छ कड असलेला. अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्यांनी हाच आवाज उचलला. त्यांच्यातल्या मार्कस मिलरचा सुप्रसिद्ध बेस 1977 चाच जाझ बेस आहे, आणि तोही रॉजर सॅडोस्कीने आतून बदललेला. काकांच्या नातीने उघडी जाड तार वाजवली, 41 हर्ट्झ. खिडकीचं तावदान थरथरलं आणि स्वर छातीत उतरला. श्रोते बेस ऐकतात त्यापेक्षा जास्त तो अंगावर घेतात. म्हणूनच आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांवर ठेका धरणाऱ्या लाखो लोकांना बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव माहीत नसतं. चरणजित सिंग यांना जगाने त्यांच्या 1982 च्या सिंथेसायझरवरच्या रागांमुळे उशिरा ओळखलं. त्याआधी मुंबईच्या स्टुडिओंत त्यांनीही बेस वाजवला होता. या माणसांच्या हातात जे होतं ते नीट वाचलं जावं, एवढा तरी मान त्या कामाला मिळायला हवा.

किमतीचं बोलायचं तर पहिला प्रश्न सालाचा आणि दुसरा मूळपणाचा. फेंडर कंपनी जानेवारी 1965 मध्ये सीबीएसने विकत घेतली. त्याआधीच्या वाद्यांना संग्राहक वेगळाच भाव देतात, म्हणून तर ‘बासष्ट’ हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडी येतो. सत्तरीचे बेस बराच काळ दुय्यम मानले गेले. आता त्यांनाही चांगली मागणी आहे, आणि ते रास्तच आहे. रंग पुन्हा मारलेला असेल तर किंमत ढोबळमानाने निम्म्यावर येते, मग तो रंग कितीही सुंदर असो. पिकअप बदलले, बॉडीला जास्तीचं भोक पाडलं, हेडस्टॉक पुन्हा पॉलिश केला, तर प्रत्येक गोष्टीगणिक किंमत उतरते. भारतात आणखी एक गुंता आहे. उदारीकरणाआधी परदेशी वाद्यं सरळ मार्गाने येणं कठीण होतं. ती बोटीवरच्या गोवेकरांबरोबर, आखाती कामगारांबरोबर यायची, आणि पावती क्वचितच असायची. बाकीचे वादक कोलकात्याच्या गिवसन कंपनीच्या वाद्यांवर भागवत. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या बेसचा इतिहास बहुधा तोंडी असतो आणि कागदाचं काम आतल्या आकड्यांनाच करावं लागतं. घरात जपानी बेस निघाला तर त्यालाही कमी लेखू नका. त्या काळच्या जपानी आयबानेझवर एक अक्षर आणि सहा आकडे असतात: अक्षर महिना सांगतं, ‘ए’ म्हणजे जानेवारी, आणि पहिले दोन आकडे साल.

ओळख पटवण्याची ताकद किती असते हे पॉल मॅकार्टनीच्या हॉफनर बेसने दाखवलं. 1961 मध्ये हॅम्बुर्गमध्ये सुमारे तीस पौंडांना घेतलेला तो व्हायोलिनच्या आकाराचा बेस ऑक्टोबर 1972 मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात व्हॅनमधून चोरीला गेला. पन्नासहून जास्त वर्षांनी, एका घराच्या माळ्यावरून निघालेला बेस तोच असल्याचं फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालं. हॉफनरने तो तपासून खात्री दिली. दोन्ही पिकअप एकमेकांजवळ असलेली त्याची जुनी रचना कुणालाही ओळखू येण्यासारखीच होती.

आपल्या बेसचा तिसरा पॉट राहिला. टोनचा. त्यावर ना 137, ना साल. सोल्डर चकचकीत, तारही नवी. “हा बुधवार पेठेतून आणला होता,” काका म्हणाले, “एका कार्यक्रमात आवाज खरखरायला लागला म्हणून.” मग कपाटातून टूलबॉक्स काढून त्यांनी तळातली एक पुडी उघडली. आत काढलेला जुना पॉट होता, कडेवर तेच सात आकडे, तोच एकोणिसावा आठवडा. तिसरी साक्ष सापडली. मूळ सुटा भाग सोबत असल्यामुळे बेसची किंमतही टिकली.

चिंचवड, आकुर्डी, निगडी, भोसरीतल्या किती घरांत असे बेस पलंगाखाली पडून असतील. तुमच्या घरी असेल तर आधी एवढं करा. पॉलिश करू नका, रंग देऊ नका, पावसाळ्यात लोखंडी कपाटात कोंडून ठेवू नका. तारा थोड्या सैल करा. झाकण उघडून पॉटवरच्या आकड्यांचे, नेकच्या टाचेचे आणि अनुक्रमांकाचे स्पष्ट फोटो काढा. दुरुस्तीत निघालेला प्रत्येक भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पुडीत घालून केसमध्येच ठेवा. आणि ज्यांनी तो वाजवला त्यांना कोणाकडून, कधी, कितीला घेतला ते विचारून त्याच पुडीवर लिहून ठेवा.