स्टीफन हॉकिंग यांचे ‘माय ब्रीफ हिस्ट्री’ : सहाय्यक तंत्रज्ञान आणि जीवनाची गुणवत्ता

प्रस्तावना :
चेता-स्नायू विकारात शरीरावरील ताबा क्रमाक्रमाने सुटत जातो. अशा व्यक्तीच्या जीवनाची गुणवत्ता सहाय्यक तंत्रज्ञानाने नेमकी कशी बदलते, या दृष्टीने स्टीफन हॉकिंग (१९४२-२०१८) यांचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन अभ्यसनीय आहे.

विवेचन :
१९६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी हॉकिंग यांना मोटर न्यूरॉन आजार असल्याचे निदान झाले. पुढे त्यांचे बोलणे केवळ निकटवर्तीयांनाच समजू लागले. व्याख्याने दुभाष्यामार्फत द्यावी लागत. १९८५ मध्ये न्यूमोनियामुळे श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली आणि उरलीसुरली वाचाही गेली. तक्त्यावरील योग्य अक्षरावर दुसऱ्याचे बोट येताच भुवई उंचावणे, एवढाच मार्ग उरला. अशा वेळी वॉल्ट वोल्टोझ यांनी ‘इक्वलायझर’ ही संगणकप्रणाली पाठविली. पडद्यावरील शब्द हातातील कळ दाबून निवडायचे आणि तयार वाक्य वाणी-संश्लेषकाकडे पाठवायचे, अशी तिची रीत होती. हात दुबळे झाल्यावर गालाची हालचाल टिपणारा संवेदक चष्म्याला बसविण्यात आला.

या काळातील संभाषणाचा वेग हॉकिंग मिनिटाला फार तर तीन शब्द एवढा सांगतात. मग यंत्राने दिले काय? तक्त्यापुढे दुसरा माणूस बसल्याशिवाय संभाषण सुरूच होत नसे. यंत्रामुळे आरंभ करण्याचा आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत ते स्वतःपाशी ठेवण्याचा अधिकार परत मिळाला. इंग्रज असूनही अमेरिकी उच्चाराचा तो यांत्रिक आवाज त्यांनी अखेरपर्यंत बदलला नाही; तो त्यांचीच ओळख झाला होता.

ग्रंथाची मर्यादाही येथेच जाणवते. यंत्राविषयी लेखक आस्थेने सांगतात, परंतु शुश्रूषेच्या श्रमांना त्या मानाने अल्प स्थान मिळते. शस्त्रक्रियेनंतर त्यांना चोवीस तास परिचारिका लागत आणि ती व्यवस्था प्रतिष्ठानांच्या अनुदानांमुळेच शक्य झाली. हे दुर्लक्षिले, तर आत्मकथन केवळ इच्छाशक्तीची विजयगाथा म्हणून वाचले जाते आणि असा आधार नसलेला रुग्ण स्वतःच्या अपयशाचा दोषी ठरतो.

निष्कर्ष :
सहाय्यक तंत्रज्ञानाचे मूल्यमापन केवळ वेगावरून करणे अपुरे आहे. त्यामुळे व्यक्तीला स्वतःहून बोलता येते काय आणि त्यामागील मनुष्यबळाचा भार कोण उचलतो, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर हा ग्रंथ समर्थपणे देतो. दुसऱ्याचे उत्तर वाचकाला ओळींमधून शोधावे लागते.